डावा कान लाइनवर

क्लबातल्या माझ्या साउंडच्या टेबलावर एक नॉब आहे. त्याच्याभोवती मी पांढरी चिकटपट्टी लावली आहे आणि पट्टीवर बॉलपेनाच्या खुणा आहेत, प्रत्येक खुणेशेजारी तारीख. हा नॉब बूथमधल्या मॉनिटरचा, म्हणजे डीजेला स्वतःला ऐकू यावं म्हणून त्याच्या तोंडासमोर ठेवलेल्या स्पीकरचा. पूर्वी तो बूथमध्येच असायचा. पण एका डीजेने उत्साहाच्या भरात एका आठवड्यात दोन मॉनिटर जाळले, तेव्हापासून वायर ओढून मी तो माझ्या ताब्यात घेतला. कुणाला आवाज वाढवून हवा असेल तर त्याने माझ्याकडे बघून अंगठा वर करायचा. मग मी माझ्या मर्जीने वाढवतो, नाहीतर दुसरीकडे बघतो. म्हणून क्लबात मला खडूस म्हणतात. हे नाव मावशीने ठेवलं.

मावशी म्हणजे आमची रविवारची डीजे. वय बावन्न, चष्मा साखळीला लटकवलेला, केसांचा घट्ट अंबाडा, पायात सपाट चपला. नवीन माणूस तिला बघून हमखास आपली पिशवी सांभाळायला तिच्या हातात देतो. तीही पिशवी घेते, काउंटरवर नेऊन ठेवते, आणि मग बूथच्या तीन पायऱ्या चढते. त्या माणसाचा चेहरा बघायला मी कामं सोडून थांबतो.

आमचा क्लब तळघरात आहे, त्यामुळे आत कायम रात्र. पण रविवारचं सत्र दुपारी चार ते आठ. ज्यांना सोमवारी कामावर जायचं असतं, ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांची पोरं घरी वाट बघत असतात, अशी माणसं येतात. चार तास घामाघूम होऊन नाचतात आणि जेवायच्या वेळेला घरी जातात. सतरा वर्षं ही माणसं मावशीसाठी येतात. काहींची तर लग्नं तिच्यासमोर जुळली आणि एकदोन मोडलीसुद्धा.

त्याआधी ती अकरा वर्षं एका मोठ्या इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर होती. डाव्या कानाला कायम लाइन, उजवा कान खोलीत. डाव्यातून कुणी रडत पेशंटची चौकशी करतंय, उजव्यातून साहेब हाका मारतोय, आणि ही दोघांना बरोबर उत्तरं देतेय. कधी क्रॉस कनेक्शन लागायचं. एकाच कानात दोन लाइनींची चार माणसं बोलायला लागायची. बाकीच्या मुली वैतागून प्लग उपटायच्या, मावशी मात्र चौघांचं नीट ऐकून ज्याला त्याला आपापल्या जागी जोडून द्यायची. हे ती इतक्यांदा सांगायची की मला तिच्या आधी पुढचं वाक्य यायचं. पुढे इस्पितळात उत्तरं देणारं यंत्र आलं आणि मावशी घरी बसली. मग आमच्या जुन्या मालकाने एका लग्नात तिला गाणी लावताना ऐकलं.

डीजेचं काम बाहेरून सोपं दिसतं. हॉलमध्ये एक गाणं चालू असतं, आणि पुढचं गाणं डीजे हेडफोनमध्ये एका कानाने ऐकतो. दुसरा कान हॉलकडे उघडा. दोन्ही गाण्यांचे ठेके एकमेकांवर तंतोतंत बसेपर्यंत पुढचं गाणं बोटाने किंचित ढकलायचं, किंचित अडवायचं. बसले की हळूच फेडर, म्हणजे आवाजाची सरकती दांडी, सरकवायचा. नाचणाऱ्याला कळतच नाही की गाणं बदललं. हल्ली यंत्रंच हे काम करतात. घरी लॅपटॉपवर आधी गाणी तपासून ठेवली की प्लेअरच्या पडद्यावर प्रत्येक गाण्याच्या लाटा दिसतात, वेग दिसतो, आणि एक बटण दाबलं की ठेका आपोआप जुळतो.

मावशीला या बटणाचा मनापासून राग. "बटण दाबून जुळवायला मी काय लिफ्ट चालवतेय?" म्हणायची. आल्या आल्या दोन्ही पडद्यांवर जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचे तुकडे लावायची, रुमालाने हेडफोन पुसायची आणि डाव्या कानावर चढवायची. नवे डीजे तिच्या बूथमध्ये उभे राहून तो पुठ्ठा बघायचे आणि गप्प व्हायचे. बाई मुलखाची हट्टी, पण मला तिचा अभिमान वाटायचा, हे तिला मी कधी सांगितलं नाही.

मागच्या वर्षी एका रविवारी मी मान वर केली आणि बघितलं तर पुठ्ठे नव्हते. पडद्यांचा निळा उजेड मावशीच्या चष्म्यावर पडला होता. आणि हेडफोन उजव्या कानावर होता.

मी पट्टीकडे बघितलं. दोन वर्षांपूर्वीची पहिली खूण घड्याळात अकरा वाजतात तिथे होती. मग बारा, साडेबारा, दीड. शेवटची तीनवर, त्यापुढे नुसता लाल रंग. प्रत्येक खुणेच्या वेळी मावशीचा अंगठा वर झाला होता आणि प्रत्येक वेळी मी मुकाट्याने आवाज वाढवला होता. बाकी सगळ्या डीजेंशी भांडणारा मी, तिच्याशी कधीच भांडलो नाही. खुणा करत बसलो, तारखा घालत बसलो, आणि त्या खुणा काय सांगतायत ते एकदाही वाचलं नाही.

सत्र संपल्यावर तिला मागच्या बोळात गाठलं. तिथे अँप्लिफायरचे पंखे घुंईघुंई करत असतात. मुद्दाम तिच्या डाव्या बाजूला उभा राहिलो आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "मावशी, डबा विसरलीस का गं?" ती वायर गुंडाळत राहिली. मी उजव्या बाजूला गेलो आणि तेच विचारलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि तिला कळलं की मला कळलं आहे.

"कुणाला बोललास तर तोंड बघणार नाही तुझं," ती म्हणाली.

"डॉक्टरला दाखवलंस?"

"दाखवलं. डावा गेला. उजवा अजून शाबूत आहे, पण याच आवाजात राहिले तर दोन वर्षांत तोही जाईल म्हणतो. घरी आई ठार बहिरी. तिचं वयामुळे, माझं कामामुळे. आम्ही दोघी आता हातवारे करून भांडतो."

ती हसली. मला हसू आलं नाही.

"मग सोड ना," मी म्हणालो.

"आणि घरी बसून करू काय, भिंती मोजू? या बूथच्या बाहेर मी कोण आहे सांग. पिशव्या सांभाळणारी बाई." मग म्हणाली, "तू एक कर. हॉलचा आवाज उतरव. हॉल एवढा मोठा म्हणून मला मॉनिटर त्याहून मोठा लागतो. तू हल्ली फार वाढवतोस."

मला हे झोंबलं. "वीस वर्षं हॉलचा आवाज लावतोय मी. माझ्या कानांना कळतो किती हवा ते. तू तुझं बघ."

तिने तो विषय पुन्हा काढला नाही. लाटा बघून, बटण दाबून वाजवू लागली आणि वर्षभर कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यासाठी तिने नवा काळा पेनड्राइव्ह घेतला होता. त्यातली दोन हजार गाणी रात्र रात्र बसून तपासली होती, लाटांसकट. जुन्या पेनड्राइव्हमध्ये नुसतीच गाणी होती, कारण तेव्हा तिला बाकी कशाची गरज नव्हती. जुन्याला तिने ओळखायला लाल दोरा बांधलेला होता. तो आता चष्म्याच्या डबीत पडून असायचा. नव्याला तिने दोरा बांधला नाही. का बांधला नाही हे मी विचारलं नाही. मला वाटतं तिला तो आपला म्हणायची लाज वाटत होती.

मीही शपथ घेतली की तीनच्या खुणेपुढे नॉब नेणार नाही. दर रविवारी चार तास माझी नजर तिच्या अंगठ्यावर. घरी जाऊन टीव्ही लावून सुन्न बसायचो. बायको म्हणायची, "हा टीव्ही आपल्यासाठी लावलाय की शेजाऱ्यांसाठी?" मी तिच्यावर खेकसायचो.

गेल्या महिन्यात क्लब नव्या मालकांनी घेतला. नवरा-बायको, दोघंही साठीच्या आसपास. त्यांनी एक मॅनेजर नेमला, जो फोनकडे बघतच बोलतो आणि माणसाकडे बघतो तेव्हा गप्प असतो. त्याने शुक्रवारी सांगितलं की येत्या रविवारी मालक स्वतः ऐकायला येणार. पहिला तास एक पाहुणा डीजे वाजवेल, पुढचे तीन तास मावशी. त्यानंतर ठरेल की रविवार कुणाचा.

"म्हणजे परीक्षाच," मावशी म्हणाली.

"तसं काही नाही," मॅनेजर फोनला म्हणाला.

रविवारी ती दोन तास आधी आली. हेडफोन पुसला, पडदे पुसले, चष्मा पुसला आणि मग परत हेडफोन पुसला. डबा उघडून तसाच मिटला. पाहुणा चारला पाच मिनिटं असताना आला, गळ्यात दोन फोन, हसरा आणि घाईतला. त्याने आपला पेनड्राइव्ह डावीकडच्या प्लेअरला लावला. मावशीने आपला आधीच उजवीकडच्याला लावून ठेवला होता. दोन्ही काळे, दोन्ही बोटाच्या पेराएवढे. आमचे प्लेअर जुने असले तरी वायरने एकमेकांना जोडलेले आहेत, एका पेनड्राइव्हची गाणी दोन्हीकडे वाजतात. त्यामुळे कुठला कुठे लावला याचा कुणी फारसा विचार करत नाही.

पाहुण्याने बरं वाजवलं, खोटं कशाला बोलू. पाचला मावशीने त्याच्या शेवटच्या गाण्यावर आपलं पहिलं गाणं चढवलं. लाटा बघून, बटण दाबून, एकदम सफाईने. त्याचं गाणं विरलं, तिचं हॉलमध्ये पसरलं. मालकीणबाई कोपऱ्यातल्या सोफ्यावर पायाने ठेका धरत होत्या. मी जरा श्वास सोडला.

पाहुणा बूथमध्ये निघायच्या गडबडीत होता. एका हाताने फोन कानाला, दुसऱ्या हाताने अंधारात चाचपून त्याने पेनड्राइव्ह उपटला, खिशात टाकला आणि जिना चढून गेला. उजवीकडचा, म्हणजे मावशीचा उपटला. चालू गाणं ज्यावर होतं तो.

अशा वेळी आमचं यंत्र एक उपकार करतं. गाणं जिथून येतंय तेच नाहीसं झालं तर शेवटचे चार ठोके पोटात धरून तेवढेच पुन्हा पुन्हा वाजवत राहतं. धाड धाड धाड धाड, परत तेच. नाचणाऱ्यांना वाटतं डीजे मुद्दाम ताणतेय. अर्धं मिनिट वाटतं. एक मिनिट झालं की एकमेकांकडे बघायला लागतात. दीड मिनिटाने शिट्ट्या.

मी दारवानाला खुणेने जिन्याकडे पिटाळलं. मावशी रिकाम्या पडद्याकडे बघत होती. मग तिने चष्म्याची डबी उघडली, लाल दोऱ्याचा पेनड्राइव्ह काढला आणि पाहुण्याचा काढून डावीकडे लावला. गाणं निवडलं. पडद्यावर आलं फक्त गाण्याचं नाव. लाटा नाहीत, वेग नाही, बटण दाबून काही होणार नाही. इतकी वर्षं ज्या तऱ्हेने तिने वाजवलं होतं त्याच तऱ्हेने आता वाजवायचं होतं, पण तेव्हा तिला कान दोन होते.

तिने हेडफोन उजव्या कानावर ठेवला. पुढचं गाणं ऐकू आलं असणार, पण हॉल बंद झाला. हेडफोन काढला, हॉल आला, गाणं गेलं. ठेवला. काढला. चार ठोके चालूच. तिने माझ्याकडे बघितलं आणि अंगठा वर केला.

तिला काय हवं होतं ते मला कळलं. मॉनिटर इतका मोठा की हेडफोन अर्धवट चढवला तरी वरून कानात घुसावा. तीनच्या खुणेवर माझी बोटं होती. तिचा उजवा कान मॉनिटरपासून हातभर अंतरावर. दोन वर्षांत तोही जाईल, असं डॉक्टर म्हणाला होता, आणि ते तीनच्या आवाजात. त्यातलं एक वर्ष सरलंसुद्धा. मी मान हलवली. तिने दोन्ही अंगठे वर केले. चेहरा पांढराफटक.

मी वाढवला. खुणेच्या पुढे, लाल रंगात. तिचं तोंड वेडंवाकडं झालं, खांदा कानापर्यंत वर गेला, तरी तिने हेडफोन धरून ठेवला आणि बोटाने गाणं ढकललं. जमलं नाही. पुन्हा ढकललं. सोफ्यावर मॅनेजरने फोन खाली ठेवला होता. पुढच्या रांगेतले दोघं थांबून बूथकडे बघत होते. आणि मावशीचा अंगठा पुन्हा वर गेला.

मी नॉब शून्यावर आणला आणि धावत सुटलो. सत्र चालू असताना मी टेबल कधी सोडत नाही. लोकांना कोपराने बाजूला करत बूथच्या पायऱ्या चढलो आणि ओरडलो. काही नाही. मी तिच्या डाव्या बाजूला होतो. तिला एवढंच कळलं होतं की मॉनिटर मेला आहे. ती वळली आणि तिने माझ्याकडे असं बघितलं की मी जन्मात विसरणार नाही. मी तिच्या मागून उजवीकडे गेलो, हेडफोन वर उचलला आणि तिच्या कानात म्हणालो, "क्रॉस कनेक्शन."

दोन्ही प्लेअरच्या मध्ये ठेवलेल्या मिक्सरवर हेडफोनच्या भोकाशेजारी एक बारका नॉब असतो. तो मध्यावर आणला की हॉलमधलं गाणं आणि पुढचं गाणं दोन्ही एकत्र हेडफोनमध्ये येतात. मावशीला तो माहीत होता, पण कोणी फारसा वापरत नाही, कारण एकाच कानात दोन गाण्यांची नुसती खिचडी होते. कुठलं पुढे, कुठलं मागे, कळत नाही. मी तो मध्यावर आणला आणि हेडफोनचा आवाज निम्म्याने उतरवला.

तिने माझा हात झटकला. मग थांबली. उजव्या हाताचं बोट हेडफोनवर दाबून धरलं आणि मान जराशी तिरकी केली. अशी मान तिरकी केलेली मी कधी पाहिली नव्हती, पण कुठली होती ते कळलं. तिचे ओठ हलत होते. मी जवळ वाकलो.

"एक मिनिट थांबा," ती पुटपुटत होती, "लाइन जोडते. तुम्ही थांबा. तुम्ही बोला."

डाव्या हाताने तिने गाणं किंचित अडवलं. मग केसभर ढकललं. माझे कान बाहेर ते चार ठोके मोजत होते, घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. एका माणसाने शिट्टी घातली. दुसरी यायच्या आत मावशीने फेडर सरकवला.

हॉलमधून एकच जल्लोष उठला. सगळ्यांना वाटलं बाईने मुद्दाम जीव टांगणीला लावला होता. मालकीणबाई सोफ्यावरून उठून नाचायला लागल्या. मी पायऱ्यांवरच बसलो.

पुढचे तीन तास तिने तसंच वाजवलं. सगळं काही सुरळीत झालं नाही. दोनदा ठेके एकमेकांवरून घसरले आणि घोडा उधळल्यासारखा आवाज झाला. एकदा तिला चालू गाणं संपेपर्यंत पुढचं सापडेना, तेव्हा सरळ थांबून नवं लावलं. दारवानाने पाहुण्याला चौकातून परत आणलं होतं. काळा पेनड्राइव्ह तासाभरात तिच्या हातात आला. तिने तो चष्म्याच्या डबीत ठेवला आणि डबी मिटली. पुठ्ठे बॅगेतच होते. ते काढून पडद्यांवर लावले.

आठ वाजता दिवे लागले. मॅनेजर मालक-मालकीणबाईंना घेऊन बूथपाशी आला आणि नेमका तिच्या डाव्या बाजूला उभा राहिला.

"आम्ही असं ठरवतोय की रविवार तुमच्याकडेच ठेवावा," तो म्हणाला. या वेळी तिच्याकडे बघून.

मावशी वायर गुंडाळत राहिली.

"ऐकलंत ना?"

तिने गाठ मारली. मॅनेजरने माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे थाप तयार होती. सत्रानंतर तिचं लक्ष नसतं, थकलीय, असं काहीतरी. एक वाक्य बोललो असतो तर सगळं निभावलं असतं. मी तोंड उघडलं तेवढ्यात मावशीला माझा चेहरा दिसला आणि ती वळली.

"काही म्हणालात का? या बाजूने बोला," ती म्हणाली. "डावा कान गेलाय माझा. वर्ष होऊन गेलं."

मालकांनी बायकोकडे बघितलं.

"मग आज वाजवलंत कसं?" मॅनेजरने विचारलं.

"उजव्याने."

मॅनेजर बूथच्या मागून वळसा घालून तिच्या उजव्या बाजूला आला आणि आपलं वाक्य पुन्हा म्हणाला. त्यात "ठरवतोय"च्या जागी "विचार करतोय" आलं होतं. मावशीला तेवढं बरोबर ऐकू आलं.

"विचार करा. माझं पण ऐका," ती म्हणाली. "मॉनिटर बंद राहील. आणि हॉलचा आवाज मोजून लागेल. अंदाजाने नाही. हे जमत असेल तरच मी येईन, एवढा एकच कान उरलाय मला."

मालकीणबाई म्हणाल्या, "आम्हाला तर आत शिरल्यापासून एकमेकांचं बोलणं कळत नव्हतं." मला ते आवडलं नाही.

रविवार मावशीकडेच राहिला, आणि पुढच्या रविवारी मॅनेजरने आवाज मोजायचं मीटर आणून माझ्या टेबलावर ठेवलं. मी नेहमीसारखा हॉल लावला. मीटरचा काटा लाल रंगात जाऊन बसला. मी म्हणालो मीटर बिघडलंय. त्याने दुसरं आणलं. तेही बिघडलेलं निघालं. तिसऱ्या वेळी मावशी टेबलापाशी आली, दोन्ही मीटरं बघितली आणि म्हणाली, "खडूस, मंगळवारी सकाळी दहाला मोकळा राहा."

मंगळवारी तिने मला तिच्या डॉक्टरकडे नेलं. तिथे काचेची एक कोठडी आहे. आत बसायचं, हेडफोन घालायचा, हातात एक बटण धरायचं. बारीकसा आवाज आला की बटण दाबायचं. बाहेर एक ताई यंत्रावर बसतात आणि कागदावर टिंबं काढतात. मावशी त्यांच्या शेजारी उभी राहिली.

मी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग बराच वेळ काहीच झालं नाही. मला वाटलं ताई कागद बदलतायत. काचेतून बघितलं तर त्यांचा हात यंत्राच्या नॉबवर होता आणि तो हळूहळू फिरत होता. थोडा, अजून थोडा. मावशी कागदाकडे बघत होती. मी बटणावर अंगठा ठेवून वाट बघत राहिलो.

बाहेर आलो तेव्हा ताईंनी कागद दाखवला. डाव्या कानाची रेघ मध्यापासून खाली उतरत गेली होती. उजव्याची जरा बरी. किती वर्षं झाली असतील, विचारलं, तर म्हणाल्या, सहा-सात तरी.

सहा-सात वर्षं मी हॉलचा आवाज माझ्या कानांनी लावत होतो. माझे कान मंद होत गेले तसा मी हॉल वाढवत गेलो, आणि हॉल वाढला म्हणून तिला मॉनिटर त्याच्या वर लागला, आणि तोही मीच वाढवला. पट्टीवरच्या खुणा मला तिच्या वाटत होत्या. त्या माझ्या होत्या. मला इतकी लाज वाटली की खुर्चीवरून उठवेना.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"शंका होती."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते," मावशी म्हणाली. "बोळात. हॉल उतरव म्हटलं होतं."

तिने कागदाची घडी करून माझ्या शर्टाच्या खिशात घातली. "मी वर्षभर लाटा बघून वाजवलं, तू मीटर बघून लाव. आणि घरी टीव्ही कमी कर," ती म्हणाली. म्हणजे बायकोने तिला फोन केला होता.

रस्त्याला लागलो तर नवाच घोळ. तिचा डावा गेलेला, माझाही डावाच मंद. मी तिच्या उजव्या बाजूला गेलो तर ती माझ्या डावीकडे आली आणि तिचं बोलणं मला ऐकू येईना. ती माझ्या उजवीकडे गेली तर माझं तिला ऐकू येईना. फुटपाथवर आम्ही दोघं एकमेकांभोवती फिरत राहिलो, लोक वळून बघायला लागले. शेवटी काही न बोलता बस थांब्यापर्यंत चालत गेलो. बसमध्ये समोरासमोरची दोन बाकं रिकामी होती. तिथे बसलो तेव्हा ती म्हणाली, "हं, आता बोल."

मी काय बोलायचं ते चालता चालता ठरवलं होतं. तिची माफी मागायची होती. तिच्या तोंडाकडे बघत हळूहळू, एकेक शब्द, दोनदा सांगितलं.